पाझर, ‘पर्कोलेट’ आणि अक्षर



आजचा विषय ऐकायला अगदी लहान आहे. एक इंग्रजी शब्द, ‘पर्कोलेट’. पाणी सावकाश, थेंबाथेंबाने, एखाद्या पदार्थातून वाट काढत जाते, त्या क्रियेला हा शब्द. आपल्याकडे सरकारी कागदात ‘परकोलेशन टँक’ होता, त्याचा ‘पाझर तलाव’ झाला, आणि आता गावोगावी तोच शब्द रूढ आहे. मग यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की या संथ वाहण्याच्या शब्दांच्या पोटात एक मोठा वाद दडलेला आहे. तो वाद याच पुण्यात, 1882 साली, लेखी स्वरूपात मांडला गेला. तिथपर्यंत आपल्याला पोचायचे आहे. पण आधी शब्द नीट पाहू, कारण शब्द नीट पाहिल्याशिवाय वाद कळत नाही.

इंग्रजीत संथ वाहण्याला बरेच शब्द आहेत. त्यातला ‘ऊझ’ घ्या. याची गंमत अशी की हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या इंग्रजीत ‘वोस’ म्हणजे झाडापाल्याचा रस, आणि ‘वासे’ म्हणजे चिखल. दोन्हींच्या सुरुवातीचा ‘व’ काळाच्या ओघात गळाला, स्वर बदलले, आणि दोन्ही शब्द ‘ऊझ’ या एकाच रूपात येऊन मिळाले. म्हणून आज ‘ऊझ’ म्हणजे जखमेतून, सालीतून रस येणे, आणि ‘ऊझ’ म्हणजे नदीच्या किंवा समुद्राच्या तळाचा मऊ गाळसुद्धा. दुसरा शब्द ‘सीप’. तो बहुधा जुन्या इंग्रजीतल्या भिजणे, शोषणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला. तिसरा ‘ट्रिकल’, तो चौदाव्या शतकापासून अश्रूंच्या संगतीने दिसतो. गालावरून ओघळतात ना, तसा.

हे सगळे घरगुती शब्द. ‘पर्कोलेट’ मात्र लॅटिनमधून आलेला, सतराव्या शतकात इंग्रजीत रुळलेला विद्वानांचा शब्द. ‘पेर’ म्हणजे आरपार, आणि ‘कोलारे’ म्हणजे गाळणे. ‘कोलुम’ म्हणजे गाळणी. स्वयंपाकघरात भात-भाजी निथळायला जी भोकांची चाळण असते, तिला इंग्रजीत ‘कोलँडर’ म्हणतात, तोही याच घरातला. म्हणजे काय, तर ‘ऊझ’मध्ये रस आहे, ‘ट्रिकल’मध्ये अश्रू आहेत, आणि ‘पर्कोलेट’मध्ये गाळणी आहे. त्याचा सख्खा शेजारी म्हणजे ‘फिल्टर’. तो मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘फिल्ट्रम’वरून आला, आणि फिल्ट्रम म्हणजे लोकर दाबून केलेला जाड नमदा. त्यातून द्रव गाळत असत. ही गाळणी लक्षात ठेवा. पुढे तीच महत्त्वाची आहे.

आता मराठीकडे येऊ. मराठी या बाबतीत फार श्रीमंत भाषा आहे. पाणी जमिनीत ‘झिरपते’, म्हणजे आत जाते. दगडातून, कड्यातून, माठातून ‘पाझरते’, म्हणजे बाहेर येते. ‘मुरते’ तेव्हा आत जाऊन राहते आणि ज्यात गेले त्याला बदलते. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, आणि माणूससुद्धा एखाद्या धंद्यात मुरलेला असतो. ‘जिरते’ तेव्हा दिसेनासे होते. ‘ठिबकते’ तेव्हा थेंब मोजता येतात. ‘निथळते’ तेव्हा अंगावरचे जास्तीचे पाणी उतरून जाते. ‘गळते’ तेव्हा जिथून जाऊ नये तिथून जाते. आणि ‘कुठंतरी पाणी मुरतंय’ असे आपण म्हणतो, तेव्हा तर पाण्याचा काही संबंधच नसतो, हिशेबाचा असतो! एवढे बारकावे ज्या समाजाने केले, त्याने पाण्याची वाट किती वर्षे डोळ्यांत तेल घालून पाहिली असेल, याचा विचार करा. दुष्काळी भागात आजही नदीच्या कोरड्या वाळूत झिरा खणतात आणि वाटीने पाणी भरतात. तिथे ‘झिरपणे’ आणि ‘पाझरणे’ हा फरक व्याकरणाचा नसतो, तो हंडा भरेल की नाही याचा असतो.

‘पाझर’ शब्दाचा उगम मोठा सुरेख आहे. संस्कृतात ‘क्षर्’ असा धातू आहे. अर्थ वाहणे, गळणे, आणि त्यातूनच झिजणे, नाश पावणे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृताचे नियम दिले. त्यात ‘क्षर्’च्या जागी प्राकृतात कोणकोणती रूपे येतात त्याची यादी आहे, आणि त्या यादीत ‘झर’ आहे, ‘पज्झर’ही आहे. आता ‘अज्ज’चा ‘आज’ झाला, ‘हत्थ’चा ‘हात’ झाला, ‘कम्म’चे ‘काम’ झाले, त्याच नियमाने ‘पज्झर’चा ‘पाझर’ झाला. जोडाक्षर सुटले आणि आधीचा स्वर लांबला. एवढे सरळ गणित आहे. झरा, झरी, झरणे ही सगळी याच कुळातली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण प्राकृत म्हणजे बिघडलेले संस्कृत असा समज आपल्याकडे अजून आहे. प्राचीन इराणच्या अवेस्ता भाषेत याच धातूचे जे रूप मिळते, त्यात घोष ध्वनी आहेत, म्हणजे ग-झ यांच्या जवळचे. संस्कृतात त्यांचा अघोष ‘क्ष’ झाला, आणि प्राकृतातल्या ‘झ’मध्ये जुना घोष टिकून राहिला. म्हणजे या एका ध्वनीपुरते बोलायचे तर संस्कृतच्या ‘क्षरति’पेक्षा आपल्या आजीचे ‘झरतं’ जास्त जुने आहे! लोकांच्या तोंडी असलेले रूप नेहमी वरून खाली उतरलेलेच असते असे नाही. हेही लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता आपण बसलो आहोत ते कसब्यात. पुण्यातली ही सर्वांत जुनी पेठ, आणि तिच्या पूर्वेच्या अंगाने वाहणाऱ्या ओढ्याचे नाव नागझरी. नावातच ‘झरी’ आहे. आज त्या ओढ्याकडे पाहून ते नाव कोणाला पटणार नाही, पण नाव ठेवणाऱ्यांनी झरा पाहिला होता म्हणून ते ठेवले. याच पेठेत कुंभारवाडा आहे आणि तांबट आळीही आहे. संथ वाहण्याचे शास्त्र समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. तांबटाचा हंडा पाझरत नाही. पाझरला तर तो बिघडला, त्याला डाग द्यावा लागतो. कुंभाराचा माठ मात्र पाझरला पाहिजे. कुंभार मातीत लीद, भुसा असे काही मिसळतो, ते आव्यात जळून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी बाहेरच्या अंगाला येते, वाऱ्याने उडते, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार. दोन-तीन उन्हाळे गेले की पाण्यातल्या क्षारांनी छिद्रे बुजतात. माठ फुटलेला नसतो, पाणीही भरलेले असते, पण गार होत नाही. आपण म्हणतो, माठ जुना झाला.

यातून पहिला धडा मिळतो. पाणी पाझरायला छिद्रे लागतात, आणि ती मोकळी लागतात. दुसरा धडा आपल्या पायाखालच्या खडकात आहे. पुण्याचा खडक म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून काही थर सच्छिद्र झाले. पाहिले तर वाटेल, किती छिद्रे, केवढे पाणी मावेल! पण बरीच छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतात, आणि पुष्कळशी झिओलाइट नावाच्या खनिजांनी भरून गेलेली असतात. पुण्याच्या आसपासचे झिओलाइट तर जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. दिसायला फार सुंदर! पण तिथून पाणी जात नाही. पाणी जाते ते खडकाच्या भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या मुरुमातून. छिद्र असणे वेगळे, आणि छिद्रांनी एकमेकांशी संबंध ठेवणे वेगळे.

तिसरा धडा फ्रान्समधला. दिजाँ शहराला पाणीपुरवठा करणारा आंरी दार्सी नावाचा अभियंता होता. त्याने वाळू भरलेल्या उभ्या नळ्यांतून पाणी सोडून मोजमापे घेतली आणि 1856 साली आपला नियम प्रसिद्ध केला. नियम सोपा आहे. दोन्ही टोकांच्या पाण्याच्या पातळीत जितका फरक जास्त, तितके पाणी जास्त झिरपते. वाट जितकी लांब, तितके कमी. आणि बाकी सगळे त्या वाळूच्या किंवा खडकाच्या गुणावर अवलंबून. आजही पाझर तलावाचे गणित मांडताना या नियमापासूनच सुरुवात करावी लागते.

एवढी तयारी झाल्यावर आता त्या वादाकडे वळू.

2 फेब्रुवारी 1835 या तारखेचे मेकॉलेचे टिपण आपल्याला माहीत असते. त्यातला मुद्दा असा, की सरकारच्या तुटपुंज्या साधनांनी सगळ्या जनतेला शिकवणे शक्य नाही. म्हणून मधला एक वर्ग शिकवावा, आणि त्या वर्गाने ते ज्ञान देशी भाषांतून पुढे लोकांपर्यंत न्यावे. या विचाराला पुढे नाव मिळाले ‘डाउनवर्ड फिल्ट्रेशन’. मराठीत आपण झिरप सिद्धांत म्हणतो. वरच्या थराला पाणी घाला, ते आपोआप खाली झिरपेल. 1854 च्या वुडच्या खलित्याने सामान्य जनतेच्या शिक्षणाकडे लक्ष द्यायला सांगितले खरे, पण पैसा आणि लक्ष दोन्ही बराच काळ वरच्याच बाजूला राहिले.

1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्याहून निवेदन सादर केले. तारीख 19 ऑक्टोबर 1882. फुले तोपर्यंत तीस-पस्तीस वर्षे या कामात होते. 1848 साली इथून हाकेच्या अंतरावर, बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात, त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली होती. त्यामुळे निवेदन हवेतले नव्हते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. या वर्गाने शिकून पुढे सामान्य लोकांना शिकवले, असे काही दिसले नाही. तेव्हा प्राथमिक शिक्षण हेच मुख्य मानावे, आणि ते निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे. आपल्या भाषेत सांगायचे तर, पाणी कुठे मुरतेय हे त्यांनी आकडे आणि अनुभव यांच्या आधारे दाखवून दिले.

आता आम्ही तत्त्वज्ञानाची माणसे. आम्हाला इथे एक प्रश्न पडतो. हा सिद्धांत इतकी वर्षे लोकांना पटला कसा? इंग्रज अधिकारी काही सगळेच दुष्ट नव्हते. आमचे उत्तर असे की तो पटला, कारण तो एका रूपकावर उभा होता, आणि रूपकाने विचार करण्याचे कष्ट वाचवले. पाणी वरून खाली जाते, हे कोण नाकारील? मग ज्ञानही जाईल! पण रूपकाला त्याच्याच पाण्याने तपासून पाहू.

दार्सीचा नियम काय सांगतो? पातळीत फरक असून भागत नाही, मधला पदार्थही पाणी जाऊ देणारा हवा. आपल्या समाजाचे थर कसे होते? सच्छिद्र बेसॉल्टसारखे. प्रत्येक जात आपल्या जागी एक छिद्र, पण एका छिद्राची दुसऱ्याशी वाट नाही. रोटी-बेटीचा व्यवहार नाही, पाणवठा एक नाही. अशा खडकावर वरून कितीही पाणी घाला, ते वरच साचणार. 1868 साली फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला, तो या दृष्टीने पाहा. ती केवळ भूतदया नव्हती. दोन बंद छिद्रांच्या मधली भिंत फोडण्याचे ते काम होते.

आणि दुसरे. पाण्याला वर राहण्यात काही फायदा नसतो. ते खाली जाते, कारण त्याला दुसरा मार्ग नाही. ज्ञान ज्यांच्या हाती असते, त्यांना मात्र ते हातात ठेवण्यात फायदा असू शकतो. नोकरी मिळते, मान मिळतो, आणि तो मान दुसऱ्याला नसण्यावरच टिकून असतो. म्हणून ज्ञानाला गुरुत्वाकर्षण लागू पडत नाही. रूपक नेमके इथे मोडते.

तिसरी गोष्ट व्याकरणाची आहे, आणि आमच्या मते तीच कळीची. ‘झिरपणे’, ‘पाझरणे’, ‘गळणे’, ‘मुरणे’, ‘जिरणे’ ही सगळी अकर्मक क्रियापदे. यांत करणारा कोणी नसतो. पाणी झिरपते, बस्स. ज्ञान झिरपेल, संपत्ती झिरपेल, असे म्हटले की कोणावर जबाबदारीच येत नाही. झिरपले नाही तर दोष कोणाचा? कोणाचाच नाही! पण मराठीत यांच्या जोडीला सकर्मक रूपेही आहेत. गळणे-गाळणे, मुरणे-मुरवणे, जिरणे-जिरवणे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा म्हणूनच बरोबर आहे. ती सांगते, पाणी आपोआप जिरत नाही, जिरवावे लागते. बांध घालावा लागतो, गाळ काढावा लागतो.

आणि ‘गाळणे’ तर बघा! सुरुवातीला ‘पर्कोलेट’च्या पोटात गाळणी आहे असे आपण म्हटले होते. मराठीत चहा गाळतात, पाणी वस्त्राने गाळतात, आणि परीक्षेत ‘गाळलेल्या जागा भरा’ असेही असते. गाळणे म्हणजे शुद्ध करणे, आणि गाळणे म्हणजे वगळणे. एकच क्रिया. गाळणीच्या खालून पाहिले तर शुद्ध पाणी दिसते, वरून पाहिले तर अडकून राहिलेला गाळ दिसतो. त्या धोरणाच्या कर्त्यांनी फिल्ट्रेशन म्हणताना पहिला अर्थ मनात धरला, फुल्यांनी दुसरा दाखवला. आज शाळा सोडून जाणाऱ्या मुलांना आपण काय म्हणतो? ‘गळती’. तेही अकर्मकच. मुले गळतात म्हणे. त्यांना कोणी गाळले, हा प्रश्न त्या शब्दात उमटत नाही.

कोणी म्हणेल, हा सगळा शब्दांचा खेळ झाला. तर प्रत्यक्षातले एक उदाहरण घेऊ, आणि तेही खऱ्या पाझराचे. 1972 च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमी योजनेत महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाझर तलाव झाले. तलावात साठलेले पाणी जमिनीत झिरपावे आणि खालच्या विहिरींना पाझर फुटावा, ही कल्पना. कल्पना चांगली आणि उपयोगीही. पण पाणी पाझरले ते कोणाच्या विहिरीत? ज्याची विहीर, त्याच्या. ज्याच्याकडे विहीर नाही, जमीनही नाही, त्याने तलावावर माती वाहिली असली तरी त्याच्या वाट्याला पाझर नाही. निसर्गाचा नियम तलावापासून विहिरीपर्यंत पोचवतो. तिथून पुढे माणसांचा नियम लागतो.

हा माणसांचा नियम बदलण्याचा प्रयत्न आपल्याच पुणे जिल्ह्यात झाला. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला 1974 मध्ये विलासराव साळुंखे यांनी काम सुरू केले, त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम पाहा. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने द्यायचे: माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. इथे कोणी पाणी झिरपण्याची वाट पाहत बसले नाही. पाणी मोजले, वाटले, आणि वाटण्याची जबाबदारी नावानिशी घेतली. अकर्मक क्रियापदाचे सकर्मक केले, असे आम्ही म्हणू.

शेवटी पुन्हा त्या ‘क्षर्’ धातूकडे येऊ. ‘क्षर’ म्हणजे जे झरते, झिजते. त्याच्या उलट ‘अक्षर’. जे झरून जात नाही ते अक्षर, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे प्राचीन काळापासून दिली जाते. पुढे तत्त्वज्ञांनी अविनाशी तत्त्वाला अक्षर म्हटले, आणि लिहिण्या-वाचण्याच्या खुणेलाही आपण तेच नाव दिले. आता विचार करा. झिरप सिद्धांताची अपेक्षा काय होती? अक्षर झिरपेल! जे झरत नाही म्हणूनच ज्याला अक्षर म्हणायचे, ते वरून खाली आपोआप झरत येईल, ही अपेक्षा आपल्या भाषेच्या दृष्टीनेही विपरीतच होती. अक्षर झिरपत नाही. ते कोणीतरी कोणालातरी, समोरासमोर बसून, हात धरून गिरवायला लावावे लागते. आणि ‘गिरवणे’ हे, आपल्या लक्षात आले असेलच, सकर्मक क्रियापद आहे.

तेव्हा यापुढे अमुक एक गोष्ट खालपर्यंत झिरपेल, असे कोणी सांगितले, मग ती संपत्ती असो, शिक्षण असो की नगरपालिकेचे पाणी असो, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. वाट मोकळी आहे का? मध्ये गाळणी कोणाच्या हातात आहे? आणि या वाक्यातला कर्ता कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर समजावे, कुठंतरी पाणी मुरतंय.